माळशेज घाटात हवा भरताना

कल्याणहून माळशेजला जाणे म्हणजे आमच्या वस्तीतील पावसाळ्याची ठरलेली सहल. शहाड सोडले, मुरबाड मागे पडले की सरळगाव, टोकावडे ही गावे येतात. भाताची खाचरे हिरवीगार झालेली असतात, आणि मोरोशीजवळ भैरवगडाची उभी भिंत धुक्यातून डोके काढते. परंतु २०२४ च्या ऑगस्टमध्ये आम्ही गेलो ते धबधबे पाहायला नव्हे, तर पुतण्याचा धंदा पाहायला.

पोरगा कारखान्यातून कमी झालेला. वहिनींनी बचतगटातून कर्ज काढून दिले. त्यात त्याने जुन्या व्हॅनमध्ये १ हॉर्सपॉवरचा टाकीवाला कंप्रेसर बसवला आणि १००० वॅटचा इन्व्हर्टर घेतला. रविवारी घाटात शेकडो गाड्या येतात, पंक्चरवाला मात्र खाली गावात. त्यांना जागेवर हवा मारून द्यायची, असा बेत. घरी प्लग लावून पाहिले तेव्हा कंप्रेसर झकास चालला होता. वहिनी तेवढ्यानेच हरखल्या. निघताना मात्र त्यांनी जुना पायपंप सीटखाली सरकवला. “असू दे, खायला मागत नाही तो,” म्हणाल्या.

घाटात ढग अगदी रस्त्यावर उतरले होते. कणसे भाजणाऱ्या बायकांनी प्लास्टिकच्या आडोशाला निखारे फुलवलेले, आणि भिजलेली पोरे त्याभोवती हात शेकत उभी. बोगद्याच्या अलीकडे एक सुमो कड्याला लागूनच थांबली होती. मागचे चाक बसलेले, स्टेपनीतही हवा नाही. आत ओतूरला निघालेले कुटुंब, म्हातारी आजी आणि दोन लेकरे. या घाटात पावसात दरड सुटते, म्हणून कड्याखाली गाडी उभी करू नये, हे इकडे सगळ्यांना ठाऊक आहे. आजी आणि लेकरांना आम्ही पुढे मोकळ्या जागी नेऊन उभे केले.

पुतण्याने ऐटीत बटण दाबले. कंप्रेसर एकदा हुंकारला, इन्व्हर्टर टीं टीं करू लागला, लाल दिवा लागला आणि सगळे बंद. टाकीत आधीची हवा असली की मोटारला सुरू होणे जड जाते, म्हणून त्याने खालची चावी उघडून टाकी रिकामी केली. या वेळी पट्टा अर्धा फेरा फिरला आणि थांबला. तिसऱ्यांदा तर व्हॅनचे दिवेच मंदावले. सुमोवाले काही बोलले नाहीत, पण पोराचा चेहरा आम्हाला पाहवेना.

“काका, तो पंप काढा,” तो एवढेच म्हणाला.

मग पायपंप. स्टेपनीत जेमतेम २५ पौंड हवा जाईपर्यंत आम्ही, पुतण्या आणि सुमोचा मालक, तिघांच्या पोटऱ्या भरून आल्या. चाक बदलून सुमो निघाली तेव्हा आजीने पिशवीतून चार भाकऱ्या आणि मिरचीचा ठेचा काढून दिला. पैसे पुतण्याने घेतले नाहीत. आम्ही मनात म्हटले, घ्यायला हवे होते.

परतल्यावर ओळखीच्या वायरमनने हिशेब मांडला. १ हॉर्सपॉवर म्हणजे ७४६ वॅट, पण ते मोटारने दिलेले काम. ती खाते हजाराच्या घरात, आणि सुरू होताना क्षणभर त्याच्या चार-पाचपट. घरची लाइन हा झटका सोसते, छोटा इन्व्हर्टर नाही. चालू झाली असती तरी १२ व्होल्टच्या बॅटरीतून ८०-९० अँपिअर ओढले असते. व्हॅनची बॅटरी, तिचे दिव्यांचे अन् हॉर्नचे काम सांभाळून, एवढे कुठवर पुरवणार? सिगारेट पेटवायच्या सॉकेटवर तर विचारच नको. तिथला फ्यूज बहुधा १० ते २० अँपिअरचा, म्हणजे शे-दोनशे वॅटचा खेळ.

“मुळात १२ चे २३० करून पुन्हा मोटार फिरवायची कशाला?” वायरमन म्हणाला. थेट बॅटरीला चिमटे लावून चालणारे १२ व्होल्टचे कंप्रेसर मिळतात. पाच-दहा मिनिटे लागतात, दोन-तीन चाकांनंतर थंड होऊ द्यावे लागतात, पण काम होते. गाडीचे इंजिन चालू ठेवायचे, मात्र बंद शेडमध्ये नाही, कारण धुराने जीव जातो.

ही गोष्ट खरेदीआधी कुणी सांगितली नाही, आणि आम्हीही विचारली नाही. शिकलेले काका म्हणून वहिनी आमच्याकडे आल्या होत्या. आम्ही नुसते “चांगले आहे” म्हणालो होतो.

दुकानदाराने इन्व्हर्टर परत घेतला नाही. मोठा कंप्रेसर एका पंक्चरवाल्याने निम्म्या किमतीत नेला. त्यातून चिमट्यांचा छोटा कंप्रेसर आला. पुढच्या रविवारी पुतण्या घाटाच्या वरच्या सपाटीवर, कड्यापासून दूर उभा राहिला आणि संध्याकाळपर्यंत ७ गाड्यांना हवा भरली. पायपंप सीटखालीच आहे. इन्व्हर्टरवर वहिनींकडे लाइट गेल्यावर टीव्ही चालतो. बचतगटाचे अजून ११ हप्ते राहिलेत, त्यातले ३ आम्ही भरायचे ठरले आहे.