आग्रहाविना आतिथ्य

पाहुणा नको नको म्हणत असतां त्याच्या पानांत दोन जिलब्या अधिक पडल्या, म्हणजे आदरातिथ्य यथासांग झालें, असें आपल्याकडे मानतात. आग्रह हा आतिथ्याचा प्राणच! परंतु आग्रहाचा लवलेशही नसलेलें एक आतिथ्य आहे, आणि टँगो नृत्याच्या छंदापायीं देशोदेशीं हिंडतांना त्याची आम्हांस चांगलीच ओळख झाली आहे.

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस रिओ दे ला प्लाता नदीच्या काठीं, ब्वेनोस आइरेस व मोंतेविदेओ या बंदरांत, टँगो जन्मास आला. पोटासाठीं युरोपांतून आलेले मजूर, आफ्रिकन गुलामांचे वंशज आणि स्थानिक लोक यांच्या वस्त्यांत तो वाढला. २००९ सालीं युनेस्कोनें मानवजातीच्या अमूर्त वारशांत त्यास स्थान दिलें. घरदार मागें टाकून आलेल्या परक्यांमध्यें तो वाढला, ही गोष्ट त्याच्या शिष्टाचारांत अजून दिसते असें आम्हांस वाटतें.

टँगो नाचावयास लोक जमतात त्या मेळाव्याला मिलोंगा म्हणतात. युरोपांतील एका शहरीं अशा मिलोंग्यांत आमचें स्वागत मोठ्या थाटानें झालें. दारांतच हस्तांदोलन, आमच्या देशाची चौकशी, पुढल्या आठवड्याच्या शिकवणीचें पत्रक, सारें कांहीं यथास्थित! मग अडीच तास आम्ही भिंतीलगतच्या खुर्चीवर बसून होतों. दिवे इतके मंद कीं समोरच्याचे डोळे दिसूं नयेत; आणि मंडळी आपापल्या घोळक्यांत रमलेली. परक्या गांवीं असें बसून राहिलें कीं आपलें वय, आपला वर्ण, आपले बूट, सगळें एकदम आठवूं लागतें. नाचणें राहिलें याचें दुःख थोडें. आपण तेथें नसतों तरी कोणाचें कांहीं अडलें नसतें, हें कळण्याचें दुःख मोठें.

ब्वेनोस आइरेसच्या जुन्या वळणाच्या मिलोंग्यांत थाट असा कांहींच नाहीं. यजमान जागा दाखवितो आणि निघून जातो. बहुधा एकाच वाद्यवृंदाच्या तीन-चार रचनांचा संच वाजतो, त्याला तांदा म्हणतात. दोन तांद्यांमध्यें क्षणभर निराळेंच संगीत लागतें व नाचाची जागा मोकळी होते. पुढचा तांदा सुरू होतां होतां नजरा फिरूं लागतात. कोणी कोणाच्या टेबलाशीं जाऊन हात पुढें करीत नाहीं. दुरूनच नजरानजर होते, मान किंचित् लवते, आणि तिकडूनही तशीच लवली कीं ठरलें. नको असेल तर नजर दुसरीकडे वळवावी. नकार दिला गेला हें शेजाऱ्यासही कळत नाहीं. या मान लवविण्यास काबेसेओ म्हणतात. यांत आग्रह नाहीं, म्हणून भीडही नाहीं.

तेथील एका वस्तींतल्या क्लबांत पहिला तासभर मंडळी आम्हांस केवळ न्याहाळीत होती. मग समोरच्या रांगेंतील, साठी उलटलेल्या एका बाईंची नजर आमच्यावर स्थिरावली. आम्हीं मान लवविली, त्यांनींही लवविली. दोन रचनांमधल्या उसंतींत त्यांनीं आमचें गांव विचारलें, आणि ‘पुणें’ हा शब्द दोनदां उच्चारून पाहिला. तांदा संपल्यावर रिवाजाप्रमाणें आम्हीं त्यांस खुर्चीपर्यंत पोंचविलें. परत येतों तों आणखी दोन नजरा आमच्या दिशेनें वळल्या होत्या.

ही रीत निर्दयही होऊं शकते, हें खरें. नजर मिळालीच नाहीं तर आल्या पावलीं परतावें लागतें, आणि दोष द्यावयास कोणी सांपडत नाहीं. म्हणून नवख्या गांवीं मिलोंगा पारखतांना आम्ही आधीं नाचणाऱ्यांकडे पाहत नाहीं, बसलेल्यांकडे पाहतों. डोळे दिसण्यापुरता उजेड आहे काय? भिंतीकडेच्या खुर्च्यांवरील माणसें तांद्यागणिक बदलतात, कीं तींच तींच तेथें खिळून असतात? गांवचे मुरलेले नर्तक रात्रींतून एकदां तरी त्या कडेला नजर टाकतात काय? एवढें असेल तर दारांत कोणी हसलें नाहीं तरी चालतें. आम्ही तेथें खुशाल तासभर बसून राहतों.