सार्वजनिक कामाचा डिझायनर

मुंबईत उपयोजित कला शिकून बंगळूरला आलो तेव्हा मी बोम्मसंद्र्यातल्या कंपन्यांसाठी वेष्टनं आणि माहितीपत्रकं करत असे. होसूर रस्त्यालगतच्या या औद्योगिक वसाहतीत तसलं काम भरपूर मिळतं. पुढे एका सार्वजनिक उपक्रमाचं कंत्राटी काम घेतलं आणि त्यातच रमलो. सूचनाफलक, अर्जांचे नमुने, आरोग्यविषयक पत्रकं, वार्षिक अहवाल हे आता माझं रोजचं काम आहे. दुकानात एक पुडा आवडला नाही तर गिऱ्हाईक शेजारचा उचलतं. सरकारी अर्ज भरणाऱ्यापुढे दुसरा अर्ज नसतो. म्हणून इथे देखणेपणाच्या आधी वाचनीयता येते.

कन्नड मी इथेच शिकलो, आधी अक्षरांचे आकार आणि मग भाषा. या लिपीत जोडाक्षराचा दुसरा भाग, ओत्तक्षर, अक्षराच्या खाली बसतो. बोम्मसंद्रा या नावातच तो दोनदा येतो. इंग्रजीच्या मापाने ओळी रचल्या तर तो खालच्या ओळीतल्या स्वरचिन्हांना भिडतो. त्यामुळे मी ओळींमधलं अंतर आधी कन्नडसाठी ठरवतो आणि इंग्रजी त्यात बसवतो.

या कामात मला र. कृ. जोशींचा फार आधार वाटतो. जाहिरात क्षेत्रात नाव कमावल्यावर त्यांनी आयआयटी मुंबईत शिकवलं आणि पुढे सी-डॅकसारख्या सरकारी संस्थेत भारतीय लिप्यांचे फाँट घडवले. विंडोजमधला देवनागरी ‘मंगल’ त्यांचा आणि कन्नड ‘तुंगा’ही त्यांच्याच मार्गदर्शनाखाली घडलेला. किती कचेऱ्यांची किती पत्रं या अक्षरांत छापली गेली असतील! वाचणाऱ्याला कर्त्याचं नाव ठाऊक नसतं, तरी त्याचं काम अडत नाही. मला या पेशाचं मोठेपण त्यातच दिसतं.

१० ऑगस्ट २०२५ रोजी मेट्रोच्या पिवळ्या मार्गिकेचं उद्घाटन झालं आणि बोम्मसंद्रा तिचं शेवटचं स्थानक झालं. तिथल्या पाट्या कन्नड आणि इंग्रजीत आहेत. पण इथल्या कारखान्यांत ओडिशा, बिहार, बंगालमधून आलेले कामगार आहेत आणि त्यांतल्या अनेकांना या दोन्ही लिप्या वाचता येत नाहीत. बाण, आकडा, रंग आणि चित्र यांवरच त्यांची भिस्त असते. म्हणून पत्रकाचा कच्चा नमुना मी चहाच्या टपरीवर त्यांना दाखवतो आणि एवढंच विचारतो, “भैया, इसमें क्या करने को बोला है?” उत्तर चुकलं तर मांडणी बदलतो.

नोकरीची वाट सोपी नाही. कायमची पदं थोडी. बरंचसं काम कंत्राटावर किंवा निविदेतून मिळतं आणि पुष्कळदा सर्वांत कमी दर भरणाऱ्याच्या पदरी जातं. एक पत्रक मंजुरीसाठी कितीतरी टेबलांवरून फिरतं. अमुक रंग का, अक्षर एवढंच मोठं का, याची कारणं मी आराखड्यासोबत फाइलला लावतो. साहेब बदलले तरी ती नोंद राहते आणि चर्चा पुन्हा मुळापासून करावी लागत नाही.

सरकारी बोधचिन्हांच्या स्पर्धांत मराठी माणसं चमकली आहेत. २०१० साली आधारचं बोधचिन्ह पुण्याच्या अतुल पांडे यांचं निवडलं गेलं, तर २०१४ साली स्वच्छ भारतचं कोल्हापूरच्या अनंत खासबारदार यांचं. त्याचा मला अभिमान आहे. पण बोधचिन्ह एकदा ठरतं, तर अर्ज, पावत्या आणि पाट्या रोज लागतात. त्यांच्यासाठी प्रत्येक मोठ्या कचेरीत प्रशिक्षित डिझायनरचं कायमचं पद हवं. कला महाविद्यालयांतून बाहेर पडणाऱ्या मुलामुलींना माझं सांगणं आहे, नोकरी निवडताना या कामाचाही विचार करा. ज्या राज्यात राहाल तिथली लिपी शिका. तुमची गरज सार्वजनिक कामात सर्वांत जास्त आहे.