दुष्काळाचे लिहिताना

गेल्या कार्तिकीनंतर नातीने दोनशे पानी वही आणून दिली. म्हणाली, "आजोबा, बहात्तरच्या दुष्काळाचं सांगता ना, ते एकदा लिहून ठेवा." वही घेतली, पण हात चालेना. वारकऱ्याने जन्मभर 'मी' विसरायचा, आणि आठवणी लिहायच्या तर पहिल्याच ओळीत 'मी' येणार!

वाट गाथेतच सापडली. तुकोबारायांनी आपले चरित्र स्वतः अभंगातून सांगितले आहे. दुष्काळात द्रव्य गेले, मान गेला, एक बायको अन्नावाचून गेली. पण हे बोलू नये, तुम्ही संतांनी विचारले म्हणून सांगतो, असे महाराज आधीच सांगून ठेवतात. विचारणाऱ्याचा मान राखण्यासाठी सांगितले, तर त्यात अहंकार कुठला?

दुसरा आधार शेजारच्याच संत बहिणाबाईंचा. जन्म वेरूळजवळच्या देवगावचा, समाधी शिऊरला. पतीने मारले, बांधून घातले, हे त्यांनी आपल्या अभंगांत झाकले नाही. पण त्या तिथेच थांबल्या नाहीत. लळा लावलेले वासरू आणि स्वप्नात भेटलेले तुकोबा, यांना त्यांच्या कथेत मोठी जागा आहे.

मग लिहायला बसलो. आमचे गाव अंबड तालुक्यातले. १९७२ साली जालना जिल्हा नव्हता, तो १९८१ साली झाला. तेव्हा आम्ही औरंगाबाद जिल्ह्यात. मी अकरा वर्षांचा. आई दुष्काळी कामावर खडी फोडायची. घरात परदेशातून आलेल्या लाल मिलोची भाकरी, कामावर सुकडी. आई आपल्या वाट्यातली निम्मी सुकडी पदरात बांधून माझ्यासाठी आणायची. वैरण संपली तेव्हा वडिलांनी बैलजोडी विकली आणि दोन दिवस ते कोणाशी बोलले नाहीत.

एका मुकादमाने आईची आठवड्यात दोन दिवसांची हजेरी मांडलीच नाही. पन्नास वर्षे तो राग मी जपला होता. लिहिताना त्याचे नाव बोटांशी आले. पण त्याची नातवंडे आज आमच्याच दिंडीत चालतात. घडले ते लिहिले, कारण आईचे कष्ट खरे होते. नाव मात्र लिहिले नाही. ज्या म्हातारीने आपल्या विहिरीच्या तळातले पाणी वाटीने भरून आम्हाला घागरभर दिले, तिचे नाव ठळक अक्षरांत लिहिले. खडीच्या ढिगाशेजारी संध्याकाळी बाया हरिपाठ म्हणायच्या, तेही लिहिले. त्या वर्षी कोणाच्या आधाराने जगलो, हे लिहिल्यावरच मला नीट कळले.

माऊली, आपल्या घरीही कोणी विचारत असेल तर टाळू नका. सगळा जन्म लिहायला नको, एखादा काळच घ्या. दुःख जसे होते तसे सांगा, आणि त्या काळात ज्यांनी हात दिला त्यांची नावे आठवून आठवून लिहा. ती माणसे आता थोडीच उरली आहेत.

रामकृष्ण हरी.