लंडनच्या भटकंतीचा हिशेब

आम्ही शिक्षणाने बी.कॉम. आणि पेशाने कारकून. त्यामुळे कोणतीही गोष्ट जमा आणि खर्च अशा दोन बाजूंत मांडल्याशिवाय आमचे समाधान होत नाही. विक्रोळीच्या आमच्या वस्तीतील बुद्धविहाराची वर्गणी असो, भीमजयंतीचा मंडप असो की घरचा किराणा असो, वही आमच्या हाताशी असतेच. अशा माणसाची मुलगी २०२३ च्या सप्टेंबरात सरकारी शिष्यवृत्तीवर एम.एस्सी. करण्यासाठी लंडनला निघाली, तेव्हा विमानतळावर आम्ही तिला काय दिले असेल? हिशेबाची कोरी वही! वर बजावले, "बेटा, हा पैसा जनतेचा आहे. एका पौंडाचाही हिशेब लागला पाहिजे."

पहिले तीन-चार महिने ठीक गेले. हिवाळ्यात लंडनचे घड्याळ आपल्या साडेपाच तास मागे असते. आमच्याकडे रात्रीचे साडेअकरा झाले की तिकडे संध्याकाळचे सहा. त्या वेळी तिचा फोन यायचा. अभ्यास, थंडी आणि जेवण एवढेच बोलणे. पुढे ती फोटो पाठवू लागली. एका रविवारी ट्रफाल्गार चौकातल्या सिंहापाशी, पुढच्या रविवारी थेम्सच्या पुलावर, त्यापुढच्या रविवारी कुठल्याशा वस्तुसंग्रहालयाच्या पायऱ्यांवर. फोटो वस्तीत फिरले. "पोरगी मजेत आहे हो!" असे कोणी कौतुकाने म्हणाले, कोणी खोचकपणे. आमचा पारा चढला. फेब्रुवारीतल्या एका रात्री आम्ही तिला नको तेवढे बोललो. "तुला शिकायला पाठवलंय की फिरायला? बाबासाहेब त्याच शहरात अर्धपोटी राहून अभ्यास करीत होते, आणि तू दर रविवारी सहली काढतेस?"

ती काही बोलली नाही. "बरं पप्पा," म्हणाली आणि तिने फोन ठेवला.

चार दिवसांनी वहीच्या पानांचे फोटो आले.

शून्यांची रांग

वाचकहो, त्या वहीत 'भटकंती' असा वेगळा रकाना होता. ब्रिटिश म्युझियम, खर्च ०. नॅशनल गॅलरी, खर्च ०. सायन्स म्युझियम, खर्च ०. हाइड पार्कमधला स्पीकर्स कॉर्नर, जिथे रविवारी कोणीही उभे राहून भाषण करतो आणि ऐकणारे त्याला तोंडावर प्रश्न विचारतात, खर्च ०. लंडनच्या टॉवरपुढे लिहिले होते, 'तिकीट महाग, नदीकाठावरून पाहिला.' खाली फक्त बसभाडे. तिथल्या बसमध्ये रोख पैसे घेतच नाहीत, कार्ड टेकवावे लागते. पहिल्या बसमध्ये बसल्यापासून तासाभरात दुसरी बस पकडली तर पुन्हा भाडे पडत नाही. पोरीने त्या एका तासाचाही पुरेपूर उपयोग केलेला दिसला. डबा खोलीवरूनच नेलेला.

आम्ही चौकशी केली तेव्हा कळले की २००१ च्या डिसेंबरपासून ब्रिटनच्या राष्ट्रीय संग्रहालयांतील कायमची दालने सर्वांना मोफत आहेत. मंत्री असो की झाडूवाला, देशी असो की परदेशी, दरवाजातून आत जायला पैसा लागत नाही. खास प्रदर्शनांना तेवढे तिकीट असते.

आम्ही सगळ्या बेरजा दोनदा तपासल्या. पान चोख जुळत होते. तपासणाऱ्याला चूक सापडली नाही की त्याची जी अवस्था होते, तीच आमची झाली. तरीसुद्धा बाप होतो ना! बोललेले शब्द काही आम्ही मागे घेतले नाहीत.

बाबासाहेबांच्या घरापासून

२०२४ च्या डिसेंबरात तिचा पदवीदान समारंभ होता. पतपेढीचे कर्ज काढले, मेव्हण्यांनी हातभार लावला आणि सौ.ना घेऊन आम्ही आठ दिवसांसाठी लंडनला गेलो. पोहोचल्याच्या दुसऱ्याच दिवशी आम्ही म्हणालो, "आधी बाबासाहेबांच्या घरी ने."

१०, किंग हेन्रीज रोड. शांत रस्ता, दोन्ही बाजूंना जुनी घरे. दारावर पाटी आहे, १९२१-२२ मध्ये डॉ. भीमराव रामजी आंबेडकर येथे राहत होते. हे घर २०१५ साली महाराष्ट्र सरकारने विकत घेतले आणि तिथे स्मारक झाले. बाबासाहेब १९१६ साली प्रथम लंडनला आले, शिष्यवृत्तीची मुदत संपल्यामुळे १९१७ मध्ये त्यांना परतावे लागले. पैसे जमवून ते १९२० साली पुन्हा आले, १९२१ मध्ये एम.एस्सी. आणि १९२३ मध्ये डी.एस्सी. झाले. हे सगळे आम्ही जयंतीच्या भाषणांत वर्षानुवर्षे सांगत आलो. पण त्या दारात उभे राहिल्यावर तोंडातून शब्द फुटेना. सौ.नी पदर डोळ्यांना लावला.

बाहेर आल्यावर मुलगी म्हणाली, "आता इथून ब्रिटिश म्युझियमपर्यंत चालायचं. बाबासाहेब तिथल्या ग्रंथालयात वाचायला बसत. चार किलोमीटर असेल." आम्ही कुरकुरलो, पण निघालो. बोचरा वारा होता. सौ.नी स्वेटरवर शाल, शालीवर मुलीचा कोट चढवला होता. प्रिमरोज टेकडीवरून अख्खे शहर दिसले. मग कालव्यावरचा पूल, रीजंट्स पार्कमधली पाने झडलेली झाडे, मग गाड्यांनी गजबजलेला युस्टन रोड. वाटेत बसथांब्यावर उतरणारी माणसे ड्रायव्हरला 'थँक्यू' म्हणून उतरताना दिसली. आमचे वडील आयुष्यभर गोदीत राबले. त्यांना कामावर कोणी 'थँक्यू' म्हटल्याचे आम्ही ऐकले नव्हते. पण त्याच रस्त्यावर एका बंद दुकानाच्या दारात पुठ्ठा अंथरून, रजई पांघरून पडलेला गोरा माणूसही दिसला. सौ. तिथे थांबल्याच. "इथंपण?" एवढेच म्हणाल्या.

म्युझियमच्या फाटकात पहारेकऱ्याने पिशवी उघडून पाहिली. आत चपात्या आणि शेंगदाण्याची चटणी. त्याने हसून पिशवी परत दिली. नाव नाही, गाव नाही, काही विचारले नाही. आत भव्य चौक आहे, वर काचेचे छप्पर आणि मधोमध गोलाकार इमारत. १८५७ साली उघडलेले हेच ते गोल वाचनालय. कार्ल मार्क्सही इथेच वाचत असे. १९९७ साली ग्रंथालय इथून दुसऱ्या इमारतीत हलवायला सुरुवात झाली. आम्ही त्या गोल भिंतीला हात लावला आणि निमूटपणे पुढे झालो.

अमरावतीचे दगड

मुलगी आम्हाला एका काचेच्या भिंतीपाशी घेऊन गेली. आत पांढुरक्या दगडांची रांग होती. आंध्रातील अमरावतीच्या स्तूपाची ही शिल्पे! तिथल्या जमीनदाराने अठराव्या शतकाच्या अखेरीस स्तूपाचे दगड बांधकामाला उचलले. पुढे १८४५ साली वॉल्टर एलियट या इंग्रज अधिकाऱ्याने उत्खनन केले. दगड आधी मद्रासला आणि तिथून लंडनला गेले आणि १८८० पासून ते या म्युझियमकडे आहेत. आपली ठेव परक्याच्या घरी पाहून अभिमान वाटावा की राग यावा, हे आम्हाला ठरवता येईना. दोन्ही वाटले.

एका शिळेपाशी तिने थांबवले. ती दोन्ही बाजूंनी कोरलेली आहे. जुन्या बाजूला बोधिवृक्ष आणि त्याखाली रिकामे आसन. त्या काळी तथागताची मूर्ती कोरत नसत, रिकाम्या आसनावरून ओळखायचे. काही शतकांनी कारागिरांनी तीच शिळा फिरवून मागच्या बाजूला अख्खा स्तूप कोरला. मग ती म्हणाली, "पप्पा, अमरावतीच्या शिलालेखांत दान देणाऱ्यांची नावं आहेत. त्यात विधिक नावाचा एक चर्मकार आहे. आई, बायको, भाऊ, मुलं, सगळ्यांसकट त्यानं शिळा दान दिली. नावापुढे स्वतःचा धंदा लिहिला आणि तो स्तूपावर कोरला."

"एवढं सगळं तुला कसं गं ठाऊक?" सौ.नी विचारले.

"मी बऱ्याच रविवारी इथंच येत होते, आई."

बाहेरच्या बाकावर बसून आम्ही चपात्यांची पिशवी मांडीवर घेतली, आणि मग तिने सांगितले. ती राहत होती त्या घरात पाच मुली होत्या, चौघी भारतातल्याच. सुरुवातीला स्वयंपाक एकत्र, हसणे-खिदळणे. एका संध्याकाळी एकीने आडनाव विचारले, मग 'म्हणजे नक्की कोण?' हे विचारले. हिने ताठ मानेने सांगितले. भांडण झाले नाही. दुसऱ्या दिवसापासून फक्त स्वयंपाक वेगळा झाला. फ्रिजमधला हिचा डबा खालच्या कप्प्यात गेला. रविवारी चौघी स्वयंपाकघरात एकत्र जेवायला बसत, तेव्हा हिला चहा करायलाही आत जावेसे वाटेना. म्हणून ती सकाळीच घराबाहेर पडू लागली. खिशात पैसे नाहीत, बाहेर पाऊस. फुकट, उबदार आणि दिवसभर बसले तरी कोणी उठवणार नाही अशी जागा शोधता शोधता ती या दगडांपर्यंत पोहोचली.

"मग फोनवर का नाही सांगितलंस?" सौ.चा आवाज कापत होता.

"पप्पांनी हिशेब मागितला होता. तो दिला."

वाचकहो, तो घास आमच्या घशाखाली उतरला नाही. समाजात तीस वर्षे काम करणाऱ्या आम्हाला हे सुचायला हवे होते. माणूस सातासमुद्रापार जातो, पण काहीजण जातीचे गाठोडे सामानात बांधूनच नेतात. ब्रिटनच्या समानता कायद्यात जातीचा स्पष्ट समावेश करावा, अशी तरतूद तिथल्या संसदेने २०१३ साली केली होती. २०१८ साली सरकारने तो समावेश न करण्याचा निर्णय घेतला. तेव्हा तिथे शिकायला जाणाऱ्या आपल्या मुलांनी हे मनाशी धरूनच जावे.

दुसरे स्वयंपाकघर

पण पोर रडत बसली नाही, हे सांगितले पाहिजे. लंडनच्या चिझिक भागात एक विहार आहे. अनागारिक धम्मपाल यांनी १९२६ साली लंडनमध्ये त्याची स्थापना केली, सध्याच्या जागेत तो १९९४ पासून आहे. वैशाख पौर्णिमेला ती तिथे पहिल्यांदा गेली. सिंहली आजीबाई, गोरे उपासक, शांतपणे बसलेली लहान मुले. त्रिशरण सुरू झाले आणि तिचे ओठ आपोआप हलू लागले. उच्चार थोडे वेगळे, शब्द तेच! पूजेनंतर एका आजीबाईंनी तिला स्वयंपाकघरात ओढून नेले आणि ताटे पुसायला बसवले. कोणी काही विचारले नाही. आम्हीही एका रविवारी तिथे गेलो. सौ.ना इंग्रजी येत नाही, आजीबाईंना मराठी येत नाही. पण दोघींनी मिळून भाजी चिरली आणि बराच वेळ काहीतरी बोलत होत्या.

उन्हाळ्यात तिने एकदा थेम्सकाठच्या ग्लोब थिएटरात शेक्सपिअरचे नाटक पाहिले. मूळचे १५९९ चे नाट्यगृह गेले, त्याच्या नमुन्यावर बांधलेले हे नवे १९९७ साली सुरू झाले. रंगमंचापुढे उघड्या आकाशाखाली उभ्याने पाहणाऱ्यांना स्वस्त तिकीट असते. भर पावसात ती तीन तास उभी राहिली. "पप्पा, तुम्ही सांगता ना, आजोबा रात्रभर उभं राहून जलसे बघायचे. मला तेच आठवलं." वहीत याचा खर्च होता. आम्ही आक्षेप घेतला नाही.

निघण्याच्या आदल्या रात्री आम्ही ती वही मागून घेतली. शेवटच्या पानावर, कचेरीत लिहितो तसे लिहिले, 'तपासले, बरोबर आहे,' आणि खाली सही केली. ती सही बघत राहिली. मग म्हणाली, "पप्पा, तारीख राहिली." तारीख घातली.

घरी आल्यावर एक गोष्ट मनाला टोचू लागली. जन्मापासून मुंबईत राहून आम्ही काळा घोड्याजवळचे वस्तुसंग्रहालय आतून कधी पाहिले नव्हते. बोरिवलीच्या राष्ट्रीय उद्यानातली कान्हेरीची लेणी शंभरावर आहेत, तिथेही कल्याण आणि सोपाऱ्याच्या दात्यांची नावे ब्राह्मी लिपीत कोरलेली आहेत. तिकडे आम्ही एकदाच गेलो होतो, तेही शाळेत असताना. 'आपल्याला काय करायचंय तिथं?' असे म्हणत पिढ्या गेल्या. कोणी अडवत नव्हते तेव्हाही आम्ही दाराबाहेरच थांबलो.

म्हणून पालकांना हात जोडून विनंती आहे. मुले परदेशी जावोत की तालुक्याच्या गावी, त्यांना अभ्यासाचा हिशेब जरूर विचारा, पण रविवारी कुठे होतास हे दरडावून विचारू नका. शेजारी बसून विचारा. कदाचित ती अमरावतीच्या दगडांपाशी बसलेली असतील.

परवाच्या रविवारी आमच्या विहाराच्या अभ्यासिकेतली एकोणीस मुले घेऊन आम्ही कान्हेरीला गेलो. लोकल, बस, लेण्यांचे तिकीट आणि वडापाव मिळून जो खर्च झाला, तो रात्री वहीत मांडायला घेतला. सवयीने हात 'सहल' या रकान्याकडे गेला. तो मागे घेतला आणि रक्कम 'शिक्षण' या रकान्यात लिहिली.

जयभीम!