डाक आवृत्तीतील आकाश

गुरुवार, दिनांक १२ जुलै १९७९ रोजीच्या एका मुंबईच्या दैनिकाची डाक आवृत्ती आमच्या जळगावच्या घरातील पत्र्याच्या पेटीच्या तळाशी, लोकरीच्या कपड्यांना कसर लागू नये म्हणून घातलेल्या डांबराच्या गोळ्यांच्या सान्निध्यात, इतकी वर्षे निर्वेध नांदली. आणि परवा ती उलगडून वाचताना ध्यानात आले की, प्रलयाची वार्ता इतक्या ठळक टाइपात आणि इतक्या गंभीर मुद्रेने छापलेली मी त्यानंतर पाहिलेली नाही. पहिल्या पानाचा माथा स्कायलॅबने व्यापला होता. अमेरिकेने १९७३ च्या मे महिन्यात अंतराळात नेऊन ठेवलेली ही सुमारे ७७ टनांची प्रयोगशाळा, सूर्यावरील खळबळीने वरचे वातावरण फुगून तिच्या गतीला अडसर झाल्यामुळे, आणि तिला पुन्हा वर ढकलण्यासाठी जे नवे शटल यान जावयाचे होते ते वेळेवर तयार न झाल्यामुळे, खाली येत होती. कोठे येणार, हे तिच्या निर्मात्यांनाही नेमके ठाऊक नव्हते. विषुववृत्ताच्या दोन्ही अंगांना पन्नास अंशांपर्यंतचा सारा मुलूख तिच्या मार्गाखाली असल्याने न्यूयॉर्क जसे धोक्यात होते तसेच एरंडोलही होते, आणि न्यूयॉर्कच्या पंक्तीला बसण्याचा मान एरंडोलला त्यापूर्वी किंवा त्यानंतर मिळाल्याचे माझ्या ऐकिवात नाही.

गंमत अशी की, हा मजकूर आमच्या ओट्यावर येऊन पडला तेव्हा ती प्रयोगशाळा पडून चुकली होती. बुधवारी रात्री, आपल्याकडे दहाचे ठोके पडून गेल्यावर, तिचे तुकडे हिंदी महासागरात आणि पश्चिम ऑस्ट्रेलियातील एस्परन्स गावाच्या आसपास विखुरले. परंतु डाक आवृत्ती दिवेलागणीलाच छापून आगगाडीत चढलेली असल्यामुळे तिच्यात स्कायलॅब अद्याप आकाशातच होती. सकाळी रेडिओने संकट टळल्याचे सांगितले आणि तासाभराने वर्तमानपत्राने ते पुन्हा उभे केले. आळीतील बहुसंख्य मंडळींनी छापील अक्षरावर विश्वास ठेवणे पसंत केले. बोललेले वाऱ्यावर जाते आणि छापलेले दप्तरी राहते, हा त्यांचा कचेरीतला जुना अनुभव होता. धुळ्यास माझे मामा राहत. तेथे अंक आग्रा रोडने एस. टी.च्या टपावरून, सावकाश पोहोचे. त्यामुळे धुळेकरांचे भय जळगावकरांपेक्षा चांगले दोन-तीन तास अधिक टिकले, हे मामा पुढे काहीशा अभिमानानेच सांगत.

त्या आठवड्यात आमच्याकडे आषाढ तळण्याला अपूर्व जोर चढला होता. नागपंचमीनंतरच्या रविवारी येणाऱ्या कानबाईच्या रोटांसाठी निवडून ठेवलेला गहू एका शेजारणीने खापरावरच्या मांड्यांसाठी खुशाल दळून आणला. कानबाईच्या आधी आकाशबाईच येणार असेल तर तो ठेवायचा कोणासाठी, हा तिचा सवाल बिनतोड होता. आजी तेवढी स्थितप्रज्ञ. तिचे म्हणणे एवढेच, “पडो तथा पडो, पन आपला वावरमा नको पडो.” देशभर पोलिसांना सावधगिरीचे आदेश गेले होते, आणि मामलेदार कचेरीतून निवृत्त झालेले आमच्या शेजारचे एक अव्वल कारकून संध्याकाळी ओट्यावर बसून असा पेच मांडीत की, तुकडा एखाद्याच्या सर्व्हे नंबरात पडला तर त्याचा पंचनामा भूमिगत द्रव्य म्हणून करावयाचा की बेवारस माल म्हणून, भूमिगत म्हणावे तर तो वरून आलेला, आणि बेवारस म्हणावे तर त्याचे वारस वॉशिंग्टनास हयात! सात-बाराच्या कोणत्या रकान्यात तलाठ्याने त्याची नोंद घ्यावी यावर पुष्कळ खल होऊन अखेर त्यांनी, जेवढ्या जागेवर तो पडेल तेवढी जागा ‘पोटखराबा’ धरावी, असा निवाडा दिला.

त्याच पानावर, स्कायलॅबच्या सावलीत अंग चोरून उभी असलेली दुसरी बातमी दिल्लीची आहे. बुधवारीच यशवंतराव चव्हाणांनी लोकसभेत मोरारजी देसाई यांच्या सरकारवर अविश्वासाचा ठराव मांडला होता. म्हणजे एकाच दिवशी दोन अवजड वस्तू डळमळत होत्या, आणि संपादकांनी त्यांतली समुद्रात पडणारी वस्तू माथ्यावर घेऊन डोक्यावर पडणारी खाली छापली. ठरावावरील चर्चा पुरी होण्याचीही वाट न पाहता रविवारी, १५ तारखेस, मोरारजींनी राजीनामा दिला. त्या पडझडीचे अवशेष मात्र स्कायलॅबपेक्षा कितीतरी विस्तीर्ण प्रदेशावर पसरले आणि वेचणारेही पुष्कळ निघाले. जळगावकरांनी कात्रण काढून ठेवावे अशी वार्ता, एदलाबादच्या आमदार प्रतिभाताई पाटील विधानसभेत विरोधी पक्षनेत्या झाल्याची, त्याच महिन्यातली. पण या अंकाला ती गाठता आली नाही.

खेळाच्या पानावर एजबॅस्टनची कसोटी आजपासून सुरू होत असल्याची खबर आहे. ती वाचताना आज मला संकोच होतो, कारण इंग्लंडने ५ बाद ६३३ धावांवर डाव घोषित केला, ते पाचही बळी एकट्या कपिल देवने घेतले, आणि आपण एक डाव ८३ धावांनी हरलो, हे सारे मला ठाऊक आहे आणि त्या बिचाऱ्या वार्ताहराला नाही. पावसाची बातमी आतल्या पानावर, बाजारभावांच्या शेजारी, बोटभर. त्या वर्षी देशभर पावसाने जी दांडी मारली ती पाहता आकाशाकडे डोळे लावून बसलेल्यांचे डोळे योग्य दिशेस होते, एवढे म्हणता येईल.

एस्परन्सच्या स्थानिक प्रशासनाने पुढे उघड्यावर केर टाकल्याबद्दल अमेरिकेच्या नासा संस्थेस ४०० डॉलर दंड ठोठावला. ही हकिगत कळली तेव्हा आमचे अव्वल कारकून प्रथम खिन्न झाले आणि मग, भूमिगत नव्हे, बेवारस नव्हे, तर ‘केर’ हा रकाना आपल्याला कसा सुचला नाही, म्हणून त्यांनी कपाळावर हात मारून घेतला. नासाने तो दंड भरला नाही. तीस वर्षांची ती थकबाकी अखेर २००९ साली एका अमेरिकन रेडिओ-निवेदकाने आपल्या श्रोत्यांकडून पैसे जमवून चुकती केली. सरकारी देणे वर्गणी काढून फेडण्याची ही युक्ती त्याला आमच्या आळीच्या गणेश मंडळाकडून मिळाली असावी, असा माझा दाट संशय आहे.