आत्याची खातेवही

वसमतला आत्याकडे जेवायला जायचं तर नुसतं पोट रिकामं ठेवून भागत नाही, डोकंही रिकामं करून जावं लागतं. पोटात चार भाकरी जातात आणि डोक्यात चाळीस नातेवाईक.

आमची ही आत्या जन्मली निजामाच्या राज्यात, १९४८ च्या पोलीस ॲक्शनच्या आधी. लग्न होऊन आली ती परभणी जिल्ह्यातल्या वसमतला. पुढे १ मे १९९९ रोजी सरकारनं परभणीतून हिंगोली जिल्हा वेगळा काढला आणि आत्यानं चुलीपुढचा पाटसुद्धा न हलवता जिल्हा बदलला. राज्यं बदलली, जिल्हे बदलले; पण घराण्यातली बातमी आधी आत्याकडे आणि मग ज्याची त्याला, हा रिवाज काही बदलला नाही. मला प्रमोशन मिळणार नाही हे बँकेनं कळवायच्या आठ दिवस आधी आत्यानं कळवलं होतं.

परवाच्या रविवारी नांदेडहून एसटीनं गेलो. टेकतो न टेकतो तोच ताट आलं. ज्वारीची भाकरी, येसरची आमटी, मेथीची भाजी, शेंगदाण्याची चटणी. आणि प्रत्येक पदार्थाबरोबर एकेक नातेवाईक.

भाकरीबरोबर पुण्याची मावसबहीण आली. तिच्या मुलानं म्हणे नोकरी सोडली.

"सोडली का सुटली?" मी विचारलं.

"तुला काय करायचंय? आमटी घे."

आमटीबरोबर कळमनुरीचे व्याही आले. त्यांच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालंय. डॉक्टरनं खाली बसायला मनाई केल्यापासून ते गावभर उभ्या उभ्या चौकशा करत हिंडतात. चटणीबरोबर कोण आलं हे सांगायला नको. आत्याची धाकटी जाऊ!

बी.कॉम.ला आम्हाला द्विनोंदी पद्धत शिकवायला प्राध्यापकांनी तीन वर्षं घेतली. आत्याला ती उपजतच येते. एका घरी लेक नावे पडली की दुसऱ्या घरी सून जमा. ताळेबंद कधी चुकत नाही.

भाजी झाली, दुसरी भाकरी झाली, तिसरी नको म्हणत झाली. अख्खं घराणं ताटात येऊन गेलं. एकच नाव आलं नाही. दादाचं.

दादा म्हणजे माझा थोरला चुलतभाऊ. तो नांदेडलाच, मीही नांदेडलाच, मध्ये दोन गल्ल्या. आणि बोलणं बंद होऊन नऊ वर्षं. कारण म्हणाल तर लग्नपत्रिका. त्याच्या मुलीच्या पत्रिकेत 'आपले नम्र' खाली एकतीस नावं होती. 'आमच्या ताईच्या लग्नाला यायचं हं' म्हणणारी, अजून बोलताही न येणारी तीन चिल्लीपिल्ली होती. फक्त मी नव्हतो. दादा म्हणाला, "चुकून राहिलं रे." मी म्हणालो, "चूक बँकेत होते, पत्रिकेत होत नाही." झालं!

आमच्या बँकेच्या नियमानं दोन वर्षं व्यवहार झाला नाही की खातं निष्क्रिय होतं. दहा वर्षं झाली की ती रक्कम रिझर्व्ह बँकेच्या निधीत जाते. २०१४ पासून तसा खास निधीच आहे. नऊ झालीच आहेत, आणखी एक गेलं की दादाचं खातं वर पाठवून मोकळे होऊ, असा आमचा हिशोब होता.

दहीभात वाढता वाढता आत्याचा हात थांबला.

"एक सांगू का? त्या पत्रिकेतली नावं मी सांगितली होती. दादानं नुसती लिहून घेतली. कोण कोण रुसंल ते आठवून आठवून सांगितली बघ. तू घरचा. घरच्याचं नाव ध्यानातच आलं नाही."

माझा हात भातातच राहिला. "मग दादा बोलला कामून नाही?"

"मीच म्हणलं, माझं नाव काढू नको. तू माझ्याकडं यायचा बंद झाला असतास तर?"

"अगं, पण नऊ वर्षं?"

"दरबारी वाटायचं, आज सांगावं. पण तू जेवायलेला असायचास."

यावर काय बोलणार? नऊ वर्षं चार-चार भाकरी मीच खाल्ल्या होत्या. शेवटी म्हणालो, "आता कोणत्या तोंडानं जाऊ त्याच्याकडं?"

"औंढ्याला नामदेवाला देवळापुढं कीर्तन करू देईनात. तो मागं जाऊन बसला, तर देवानं अख्खं देऊळ त्याच्याकडं फिरवलं म्हणतात. तुला नुसती मान फिरवायचीय. होत नाही का?"

निघताना आत्यानं हळदीच्या दोन पिशव्या हातात दिल्या. "ही तुझी, ही दादाची. यंदाची आहे. हळद बी नऊ महिने झाले की जमिनीतून काढतेत बाबा. तुम्ही नऊ वर्षं काय पुरून ठेवलं?"

निष्क्रिय खातं पुन्हा सुरू करायचं तर ओळखीचे कागद नव्यानं द्यावे लागतात. संध्याकाळी दादाचं दार वाजवलं तेव्हा माझ्याजवळ ओळखीचा कागद म्हणून ती पिशवीच होती. दार दादानंच उघडलं. केस पार पांढरे झालेले. त्यानं माझ्याकडे पाहिलं, मग पिशवीकडे.

"आत्यानं सांगितलं वाटतं," तो म्हणाला. आणि लगेच, "जेवलास का?"

पोटात चार भाकरी आणि दहीभात जसाच्या तसा होता.

"नाही," मी म्हणालो.