आधी ब्रेक, मग स्टाइल!
लष्कराच्या लिलावातली, जबलपूरची जोंगा घेतली तेव्हा डोक्यात फक्त जाड टायर आणि दणदणीत म्युझिक सिस्टिम! पहिल्याच पावसाळी वीकेंडला कर्जतहून चौकमार्गे खालापूरला निघालो. रस्त्यावर ओढ्याचं पाणी आलेलं. हिरोगिरी करत गाडी घातली. पुढच्या उतारावर ब्रेक दाबला, तर काहीच नाही! ड्रम भिजले की लायनर पकडतच नाहीत. खालचा गिअर टाकला, हलकेच ब्रेक दाबत राहिलो, तेव्हा कुठे ते सुकले. टायर-म्युझिकचं सगळं बजेट मग नवे लायनर, व्हील सिलिंडर आणि ब्रेक पाइपमध्ये गेलं. ऑलिव्ह ग्रीन रंगही बदलला, कायद्याने तो फक्त लष्कराचा. चार लिटरचं पेट्रोल इंजिन मात्र तसंच ठेवलंय. तेव्हा दोस्तहो, पाण्यातून गाडी काढलीत की आधी ब्रेक तपासा, मग फोटो!